विश्लेषण : एकच फोटो दोन मॉनिटरवर वेगवेगळ्या रंगांत का दिसतो? फाळके यांच्या छापखान्यापासून समजून घेऊ या

येवल्यातून पैठणीचा फोटो निघतो. विक्रेत्याच्या फोनवर ती मोरपंखी असते, ग्राहकाच्या लॅपटॉपवर निळसर होते आणि ऑफिसातल्या मॉनिटरवर चक्क हिरवी दिसते. साडी घरी आली की चौथाच रंग निघतो. लग्नाचे अल्बम करणारे, फ्लेक्स छापणारे, द्राक्षांच्या खोक्यांची डिझाइन करणारे असे नाशिक परिसरातील अनेक जण रोज याच गोष्टीवरून ग्राहकांची बोलणी खातात. दोन मॉनिटर शेजारी ठेवले तर घोळ आणखीच उघडा पडतो.

दोष बहुतेक वेळा फोटोचा नसतो आणि प्रश्न संगणकाबरोबर जन्मलेला नाही. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या एका माणसाने सिनेमाकडे वळण्यापूर्वी कित्येक वर्षे याच प्रश्नावर पोट भरले. धुंडिराज गोविंद फाळके हे त्याचे नाव. दादासाहेब फाळके यांची ओळख आपण 1913 पासून सुरू करतो. तेव्हा त्यांनी त्रेचाळिशी गाठली होती आणि तोवर ते प्रामुख्याने रंगांचे आणि छपाईचे कारागीर होते.

सिनेमापूर्वी फाळके काय करत होते?

फाळके यांचा जन्म 30 एप्रिल 1870 चा. वडील संस्कृतचे विद्वान. त्यांना मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात शिकवण्याचे काम मिळाले आणि कुटुंब मुंबईला आले. धुंडिराज 1885 मध्ये जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथून ते थोरल्या भावाबरोबर बडोद्याला गेले आणि कलाभवनात शिकू लागले. तैलरंग, जलरंग, छायाचित्रण, साचेकाम असे हाताला लागेल ते त्यांनी शिकून घेतले. कलाभवनाचे प्रमुख त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ आणि रंगांच्या रसायनाचे जाणकार होते. मुंबईतील राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासले गेले तेव्हा तो डाग काढून देणारे हेच गज्जर. त्यांनी फाळके यांना रतलामला पाठवले. तेथे ते तीन रंगांचे ठसे बनवणे आणि दगडावरून छपाई करण्यासाठी छायाचित्र उतरवणे शिकले. हे 1891 च्या आसपासचे.

पुढची काही वर्षे धड गेली नाहीत. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला. तेथे प्लेगमध्ये पत्नी आणि मूल गेले. बडोद्याला परतून पुन्हा स्टुडिओ काढला, तर कॅमेरा माणसाची शक्ती ओढून घेतो या समजुतीने गिऱ्हाईक फिरकेना. एका जर्मन जादूगाराकडून ते जादूचे प्रयोग शिकले. 1902 मध्ये दुसरा विवाह झाला. पत्नी सरस्वतीबाई यांचे नाव या कहाणीत पुढे पुन्हा येईल. 1903 मध्ये पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून नोकरी मिळाली. स्वदेशीच्या वातावरणात 1906 मध्ये ती सोडून त्यांनी लोणावळ्याला छापखाना काढला.

लोणावळाच का? कारण जवळच मळवलीला राजा रविवर्मा यांनी सुरू केलेला छापखाना होता. रविवर्मा यांची लक्ष्मी आणि सरस्वती घराघरांत पोहोचली ती तेथील तैलमुद्रांमुळे. त्या छापखान्याची बरीचशी दगडावर उतरवण्याची कामे फाळके करत.

तीन ठशांतून सगळे रंग कसे निघत?

दगडावरच्या जुन्या छपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे. साडीचा लाल एका दगडावर, त्वचेचा गुलाबी दुसऱ्यावर, कमळाचा हिरवा तिसऱ्यावर. एका चित्राला असे अनेक दगड, आणि कोणत्या दगडावर काय उतरवायचे हे कारागिराचा डोळा ठरवणार.

तीन रंगांच्या ठशांनी हे काम डोळ्याकडून काढून यंत्राकडे दिले. मूळ चित्राचा फोटो तीन वेळा काढायचा : एकदा लाल काचेतून, एकदा हिरव्या आणि एकदा निळ्या. लाल काचेतून घेतलेल्या फोटोवरून निळ्या-हिरवट शाईचा ठसा बनतो, हिरव्यावरून किरमिजी शाईचा आणि निळ्यावरून पिवळ्या शाईचा. तिन्ही ठसे बारीक ठिपक्यांचे. ते कागदावर एकावर एक नेमके बसले की लांबून पाहणाऱ्याला हजारो छटा दिसतात. यामागचे तत्त्व जेम्स क्लर्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने लंडनमध्ये 1861 मध्ये तीन रंगीत काचांमधून तीन प्रतिमा एकावर एक पाडून दाखवले होते.

तुमच्या हातातला फोनही हेच करतो. पडद्यावर पांढरे पान उघडा, पाण्याचा अगदी लहान थेंब त्यावर ठेवा आणि थेंबातून निरखून पाहा. पांढऱ्याच्या जागी लाल, हिरवे आणि निळे कण दिसतील. (थेंब लगेच पुसून टाका.) फरक एवढाच की शाई प्रकाश शोषते आणि पडदा प्रकाश सोडतो. म्हणून छपाईत तिन्ही रंग मिसळले की काळपट होते आणि पडद्यावर पांढरे.

गोम त्या तीन मूळ रंगांमध्येच आहे. दोन छापखान्यांनी ठसे अगदी एकसारखे वापरले, पण शाई वेगळ्या पिंपातली घेतली, तर चित्र बदलते. एकाचा कागद शुभ्र आणि दुसऱ्याचा पिवळट असेल तरी बदलते. मॉनिटरचेही तसेच. फाइल त्याला फक्त आकडे देते : लाल इतका, हिरवा इतका, निळा इतका. पण त्या मॉनिटरचा लाल म्हणजे नेमका कोणता लाल, हे त्याच्या पडद्यातील प्रकाशस्रोत आणि रंगीत गाळण्या ठरवतात. आकडे ठशांसारखे, पडदा शाई-कागदासारखा. दोन कंपन्यांचे, किंवा एकाच कंपनीचे पण चार वर्षांच्या अंतराने घेतलेले दोन पडदे, म्हणजे दोन वेगळे छापखाने.

एकेकटा पडदा बरोबर का वाटतो?

1908 मध्ये फाळके यांचा छापखाना दादरला आला. भागीदार बदलले आणि लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स हे नाव पडले. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी 1909 मध्ये ते जर्मनीला गेले. रंगीत छपाईत तेव्हा जर्मनीचा हात धरणारे कोणी नव्हते. परतल्यावर छापखान्याचे नाव झाले, पण भागीदारांशी पटेना. अखेर फाळके बाहेर पडले आणि उभ्या केलेल्या धंद्यातून त्यांनी पैही घेतली नाही. चाळिशीच्या माणसाने, पदरी कुटुंब असताना, हातची विद्या भरात असताना घेतलेला हा निर्णय. दुसऱ्या भांडवलदारांनी छापखाना काढून देण्याची दाखवलेली तयारी त्यांनी स्वीकारली असती तर भारतीय सिनेमाचा इतिहास थोडा उशिरा सुरू झाला असता, असे म्हणायला जागा आहे.

याच सुमारास, 1910-11 मध्ये, गिरगावातील एका तंबूतल्या सिनेमागृहात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. त्यानंतर मिळेल तो चित्रपट पाहणे, रीळ आणून घरी मेणबत्तीच्या उजेडात भिंगातून तपासणे, रात्री जागून प्रयोग करणे असा धडाका सुरू झाला. त्याचा ताण डोळ्यांवर आला आणि काही काळ त्यांची दृष्टीच गेली. उपचार झाले, विश्रांती घ्यावी लागली, तेव्हा कुठे चष्म्याच्या मदतीने पुन्हा दिसू लागले. ज्याची सगळी विद्या डोळ्यात, त्याच्यासाठी ते महिने कसे गेले असतील याची कल्पनाच केलेली बरी.

डोळा हा रंग जुळवण्याच्या कामात मोठा लबाड साक्षीदार आहे. समोर जे सर्वांत उजळ दिसते त्याला तो पांढरे मानून मोकळा होतो. पिवळ्या बल्बखाली वही पांढरीच वाटते आणि निळसर ट्यूबखालीही पांढरीच. त्यामुळे एकच मॉनिटर वापरणाऱ्याला त्याचे रंग नेहमी बरोबर वाटतात. शेजारी दुसरा ठेवला की एक पिवळट आणि दुसरा निळसर दिसू लागतो आणि माणूस ‘यातला बिघडलेला कोणता’ असे विचारतो. बिघडलेला बहुधा कोणताच नसतो. दोघांचा ‘पांढरा’ वेगळा असतो, इतकेच. वय वाढते तसे डोळ्यातील भिंग पिवळसर होत जाते, म्हणून एकाच पडद्यापुढे बसलेले आजोबा आणि नातही तोच रंग अगदी तसाच पाहत नाहीत.

कॅमेऱ्याला लाल का दिसत नव्हता?

विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून फाळके फेब्रुवारी 1912 मध्ये लंडनला निघाले. तेथे चित्रपटनिर्मितीचे तंत्र समजून घेतले, विल्यमसन कॅमेऱ्याची मागणी नोंदवली आणि एप्रिलच्या सुरुवातीला ते परत आले. आधी कुंडीत उगवणाऱ्या वाटाण्याच्या रोपट्याचे रोज थोडे थोडे चित्रण करून एक छोटा चित्रपट केला आणि तो दाखवून भांडवल उभे केले. कच्ची फिल्म कडेच्या छिद्रांशिवाय येई. ती अंधारात यंत्रावर टोचण्याचे, कॅमेऱ्यात भरण्याचे आणि धुण्याचे काम सरस्वतीबाई शिकल्या. त्र्यंबकेश्वरचे बालमित्र त्र्यंबक तेलंग यांना फाळके यांनी कॅमेरा चालवायला शिकवला. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमागृहात ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. त्याच वर्षी फाळके यांनी बिऱ्हाड नाशिकला हलवले. घाट, देवळे, डोंगर आणि मोकळा उजेड येथे फुकट होता. ‘लंका दहन’ (1917) हा गाजलेला मूकपट येथलाच. अण्णा साळुंके यांनी त्यात राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या.

तीन रंगांचे ठसे करणाऱ्या माणसाला या नव्या माध्यमात रंग सोडून द्यावा लागला, आणि तोही सरळपणे सुटला नाही. त्या काळच्या कृष्णधवल फिल्मला लाल प्रकाश जवळपास दिसतच नसे आणि निळा मात्र जास्तच दिसे. म्हणजे कपाळावरचे लालभडक कुंकू पडद्यावर काळे, लाल शालू काळपट, ओठ काळे. उलट निळे आकाश पांढरेफटक. जगभरचे मूकपटांचे कलाकार चेहऱ्याला चमत्कारिक रंग फासत ते यामुळेच. पडद्यावर योग्य करडा हवा, तर समोर भलताच रंग ठेवावा लागे. आपल्या डोळ्याला काय दिसते हे बाजूला ठेवून यंत्राला काय दिसते हे ओळखणे, ही सवय ठसे करणाऱ्या माणसाला आधीपासून होती. फाळके यांच्या सिनेमाचे श्रेय आपण त्यांच्या जिद्दीला देतो. मला वाटते त्यातला मोठा वाटा या छापखान्यातल्या सवयीचा आहे.

पडद्यांच्या बाबतीत हेच ‘यंत्राला काय दिसते’ वेगळ्या रूपात येते. फाइलमधला आकडा निम्म्यावर आला म्हणून उजेड निम्मा होत नाही. तो किती वेगाने कमी व्हावा याची एक ठरलेली वक्ररेषा असते. दोन मॉनिटरनी ती वेगळी पाळली, तर भडक रंग जुळतात, पण सावलीतले तपशील एकावर दिसतात आणि दुसऱ्यावर काळ्यात बुडतात.

काही रंग जुळतच नाहीत, ते का?

1918 मध्ये नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली. फाळके त्यात होते, भांडवलदारांशी पुन्हा बिनसले, ते काशीला गेले, ‘रंगभूमी’ नाटक लिहिले, 1922 मध्ये परत आले. मग बोलपट आला आणि मूकपटाचे दिवस संपले. कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला ‘गंगावतरण’ (1937) हा त्यांचा बोलपट शेवटचा ठरला. त्याच वर्षी अर्देशिर इराणी यांच्या कंपनीचा ‘किसान कन्या’ आला. तो भारतातच तयार झालेला पहिला रंगीत चित्रपट. त्याआधी 1933 मध्ये प्रभातने ‘सैरंध्री’ रंगीत करण्यासाठी प्रती जर्मनीत तयार करून घेतल्या होत्या, पण हाती आलेले रंग मनासारखे नव्हते आणि प्रयोग फसला. फाळके जर्मनीला जाऊन आले त्याला तेव्हा चोवीस वर्षे झाली होती. कागदावर जमलेले रंग फिल्मवर जमायला इतका वेळ लागत होता.

‘किसान कन्या’साठी वापरलेली पद्धत तीन नव्हे, दोन मूळ रंगांची होती : एक तांबूस नारिंगी, एक निळसर हिरवा. या दोहोंच्या मिश्रणातून त्वचेचा रंग बरा निघतो, पण खरा जांभळा किंवा गडद हिरवा निघणेच शक्य नाही. कारागीर कितीही हुशार असो, पेटीत नसलेला रंग तो आणणार कोठून? प्रत्येक मॉनिटरची अशीच एक पेटी ठरलेली असते. महाग पडद्याची मोठी, स्वस्त लॅपटॉपची बरीच लहान. मोठ्या पेटीतला भडक हिरवा लहान पेटीत नसेल, तर कोणतेही बटण दाबून तो तेथे येत नाही. म्हणूनच 1996 मध्ये दोन मोठ्या संगणक कंपन्यांनी सर्वसाधारण पडद्यांना झेपेल अशी एक समाईक पेटी ठरवली. ती एसआरजीबी या नावाने ओळखली जाते आणि आजही बहुतेक फोटो आणि संकेतस्थळे तीच गृहीत धरतात.

फाळके यांचे अखेरचे दिवस नाशिकमध्ये गेले. पैसा उरला नव्हता आणि नव्या सिनेसृष्टीला त्यांची फारशी गरज नव्हती. 16 फेब्रुवारी 1944 रोजी त्यांचे निधन झाले. पांडवलेण्यांच्या पायथ्याचे फाळके स्मारक आणि 1969 पासूनचा पुरस्कार, हे सगळे खूप नंतरचे.

मग दोन मॉनिटर जुळवायचे कसे?

एकाचे रंग दुसऱ्यासारखे करायला जाऊ नका, दोघांनाही तिसऱ्या ठरलेल्या मापाकडे न्या. दोन्ही पडदे अर्धा तास सुरू राहू द्या, कारण तापेपर्यंत ते स्थिर होत नाहीत. रात्रीचा पिवळा उजेड, आपोआप कमी-जास्त होणारा उजळपणा आणि ‘व्हिव्हिड’सारखे भडक पर्याय बंद करा. नंतर दोन्हीच्या मेनूत एसआरजीबी हा पर्याय निवडा. तो नसेल तर पांढऱ्याचे तापमान 6500 ठेवा आणि वक्ररेषेसाठी 2.2. ज्या मॉनिटरची पेटी मोठी आहे त्याला लहानाच्या मापात बसवा. उलटे होणार नाही. महाग मॉनिटर घेणाऱ्याला हे पचवणे जड जाते.

उजळपणाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. दोन्हींवर कोरे पांढरे पान उघडा आणि जो जास्त उजळ आहे त्याला खाली आणा. खोलीतल्या उजेडात धरलेल्या कोऱ्या कागदाहून पडदा फार झगझगीत दिसत नसेल, तर ते ठीक. छपाईसाठी फोटो तयार करणारे बहुतेक जण फारच उजळ पडद्यावर काम करतात आणि मग छापून आलेला अल्बम काळवंडला म्हणून छापणाऱ्यावर चिडतात. एका मॉनिटरवर काळा रंग राखाडी दिसत असेल, तर रंगांशी खेळण्याआधी संगणकाच्या सेटिंगमध्ये त्या जोडणीला पूर्ण पल्ला दिला आहे का ते पाहा. केबलवरून काही वेळा टीव्हीचा आखूड पल्ला जातो.

धंदा रंगांवरच चालत असेल, तर पडद्यावर टेकवून ठेवायचे रंगमापक उपकरण घ्या, किंवा दोघा-तिघांत मिळून घ्या. ते पडद्याने सोडलेला प्रत्येक रंग मोजते आणि संगणक त्या मॉनिटरसाठी दुरुस्तीचा तक्ता बनवतो. दोन्हींसाठी लक्ष्य एकच ठेवा आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा मोजा, कारण पडदे म्हातारे होतात. एवढे करूनही कधी कधी यंत्र ‘जुळले’ म्हणते आणि डोळा ‘नाही’ म्हणतो. दोन पडद्यांतले प्रकाशस्रोत वेगळ्या जातीचे असले की हे होते. तेव्हा एका मॉनिटरचा पांढरा हाताने किंचित हलवून डोळ्याचे समाधान करावे लागते. आणि रंगांचा अंतिम निर्णय द्यायला दोघांपैकी एकच मॉनिटर नेमून टाका. दुसऱ्यावर मेनू आणि ई-मेल ठेवा.

पैठणीचा प्रश्न मात्र यातूनही पूर्ण सुटत नाही. तिच्या धूपछाव पोतात उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो. साडी हलली की रंग बदलतो. स्थिर फोटोत त्यातला एकच क्षण येतो. येवल्यातून साडी मागवायची असेल, तर खिडकीशेजारी दिवसाच्या उजेडात, पदर हलवत काढलेला छोटा व्हिडिओ मागवा, आणि त्यात साडीजवळ एक कोरा पांढरा कागद ठेवायला सांगा. कागद तुमच्या पडद्यावर निळसर दिसला, तर साडीचा रंगही तितकाच निळ्याकडे सरकलेला आहे हे ओळखता येईल.